गाठ गावाला नेऊ नका

मी १९९६ साली लग्न होऊन पाटण तालुक्यातून मुंबईत आले. ट्रॉम्बेला, चिता कॅम्पजवळच्या गल्लीत दहा बाय बाराची खोली होती. खाली आम्ही, वर पोटमाळ्यावर थोरले दीर आणि जाऊबाई. अजूनही त्याच गल्लीत आहे. दरवर्षी दिवाळी उरकली की नवी बिऱ्हाडं येतात, पाटणची, माणची, बीडची, जालन्याची. पाणी किती वाजता येतं, रेशनचं दुकान कुठलं, शाळेत नाव कसं घालायचं, हे सांगायला गल्लीत दहाजण आहेत, म्हणून मी ते लिहीत नाही. कॅन्सरबद्दल मात्र कुणी काही सांगत नाही. नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात असलं अभद्र कुठे सांगायचं, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं.

आधी आमच्या घरातली गोष्ट सांगते, कारण तीच चूक मी दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या घरात परत होताना बघते.

२००२ ची दिवाळी झाली होती. सकाळी नळावर जाऊबाई हंडा उचलताना डावा हात छातीशी धरायच्या. मला त्यांनी सांगितलं होतं, गाठ आहे, सुपारीएवढी, पण दुखत नाही. दुखत नाही म्हटल्यावर मी गप्प बसले. आमच्या समोर तिरुनेलवेलीकडची एक अक्का राहायची. तिने नळावर ते पाहिलं, हंडा खाली ठेवला आणि जाऊबाईंसमोर येऊन उभी राहिली. "कट्टी?" म्हणाली. आम्हाला शब्द कळला नाही. तिने स्वतःच्या छातीवर मूठ ठेवली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "मेरा बहन. ऐसाच था. देर किया. तुम परेल जाओ. कल जाओ." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, गेलात का? तिसऱ्या दिवशीही.

घरी सासूबाई म्हणाल्या, त्या मद्राशिणीला काय कळतंय? मेमध्ये गावी जायचंच आहे, तिथे आपले डॉक्टर आहेत, आपली माणसं आहेत, तिथेच दाखवू. दिरांनाही ते पटलं, कारण खाडा पडणार नव्हता. मलाही पटलं, हे मी लपवत नाही.

मेमध्ये गावी गेलो. आपल्या माणसांनी एका लेप देणाऱ्याकडे नेलं. गाठ पिकून फुटेल आणि मोकळं होईल, असं तो म्हणाला. जूनमध्ये पेरणी, मग पाऊस. जुलैत परळला टाटा हॉस्पिटलला पोहोचलो तेव्हा छातीवरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती आणि काखेतही गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे? दिरांनी सांगितलं, दिवाळीपासून. डॉक्टर लिहायचे थांबले, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. २००५ च्या श्रावणात जाऊबाई गेल्या. त्यांची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती.

जिच्या सख्ख्या बहिणीला तेच झालं होतं, ती बाई आमच्या दारासमोर राहत होती. ती तीन दिवस सांगत होती. तिची भाषा वेगळी म्हणून तिचं बोलणं आम्ही मोजलंच नाही, आणि तीनशे किलोमीटरवरच्या आपल्या माणसांची सहा महिने वाट बघितली.

म्हणून नवीन आलेल्यांना माझं पहिलं सांगणं एवढंच. "गावी गेल्यावर दाखवू" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. गणपतीत दाखवू नाही, मेमध्ये नाही, जत्रेला गेल्यावर नाही. उत्तरेकडची माणसं छठला गेल्यावर म्हणतात, तमिळ माणसं पोंगलला म्हणतात, गोष्ट एकच. लोक अडाणी आहेत म्हणून असं होत नाही. इथे खाडा पडला की पगार कापतात, रांगेत दिवस जातो, डॉक्टर काय बोलले ते निम्मं कळत नाही, आणि गावाला गेल्यावर निदान सुट्टी तरी असते. हे सगळं मला ठाऊक आहे. तरीही सांगते, गाठीला सुट्टी कळत नाही. मुंबई माणसाला पिळून काढते हे खरंच, पण देशभरातली माणसं शेत विकून, गाडीत दोन-दोन रात्री बसून ज्या परळला येतात, तिथे तुम्ही एका लोकलने पोहोचता. इथे राहून ती गाठ उलट गावाकडे न्यायची?

आता काय बघायचं ते सांगते. आपल्या वस्त्यांमध्ये लवकर सापडू शकतात असे कॅन्सर मुख्यतः तीन: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भपिशवीच्या तोंडाचा. सरकारी कार्यक्रमातही तिशी ओलांडली की पासष्टीपर्यंत दर पाच वर्षांनी याच तिन्हींची तपासणी सांगितली आहे, आणि काही त्रास नसताना करायची असंच सांगितलं आहे. त्रास झाल्यावर जातो तो उपचार. तपासणी त्याआधीची.

तोंडापासून सुरुवात करा, कारण ते स्वतःचं स्वतःला दिसतं. आरसा आणि मोबाईलची बॅटरी पुरे. ओठ उलटा, गालाच्या आत बघा, जीभ वर करा, बाजूला करा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे होऊनही न भरलेली जखम, तिखट एकदम झोंबायला लागणं, आवाज बसून राहणं, गिळताना अडकणं, यातलं काहीही असलं तर दाखवायचं. आणि आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू उघडेनासं होतं, आतले गाल चामड्यासारखे कडक होतात. वडापाव चावता येत नाही तोपर्यंत माणसाच्या लक्षात येत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे गल्लीतल्या पोरांनाही माहीत असतं. नुसती सुपारी चालते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, तंबाखू न घालता खाल्लेली सुपारीही कॅन्सर करते.

इथे मला आपल्या बायकांवर थोडं चिडायचं आहे. पाटण-कराडकडच्या, कोकणातल्या बायकांना विचारा, तंबाखू खाता का? "छे बाई!" आणि मिश्री? "ती तर दाताला लावते." माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायच्या. खोलीला एकच खिडकी, धुराने पोरांना ठसका लागायचा. मग त्या ती बोटांनी चुरायच्या, डबीत भरायच्या आणि सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री एकदा हिरडीवर घोळवत बसायच्या. त्यांच्या खालच्या हिरडीवर मिश्री धरायच्या जागी पांढरट डाग होता. डॉक्टरांनी तो पाहून मिश्री बंद करायला लावली तेव्हा त्या म्हणाल्या, हिच्यात तंबाखू असते हे मला कुणी सांगितलंच नाही. स्वतःच्या हाताने भाजत होत्या! २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार मोठ्या माणसांमागे जवळपास एकजण बिनधुराची तंबाखू घेतो असं निघालं होतं. त्यात मिश्रीवाल्या बायका आल्याच.

म्हणून शेजारणीला "तंबाखू खाता का" असं विचारू नका, "दाताला काय लावता, गालात काय धरता" असं विचारा. बिहारकडची बाई गुल म्हणेल, तिचा नवरा खैनी म्हणेल, लखनौकडची पानातला जर्दा म्हणेल, आपली मिश्री म्हणेल. प्रत्येकीला आपलं ते सोडून बाकीच्यांचं वाईट वाटतं. सोडायची असेल तर सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १८००११२३५६.

स्तनाचं एका दमात सांगते. न दुखणारी गाठ जास्त काळजीची. बोंडातून रक्त किंवा पाणी, बोंड आत ओढलं जाणं, कातडीला खळी पडणं, काखेत गाठ. आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने महिन्यातून एकदा चाचपा. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण साधी आहे हे तुम्ही, मी किंवा सासूबाईंनी ठरवायचं नाही.

गर्भपिशवीबद्दल बोलणं सगळ्यात अवघड. आपण म्हणतो पिशवी, हिंदीवाल्या म्हणतात बच्चेदानी, आणि अक्काकडून मला कळलं की तमिळमध्ये गर्भप्पै म्हणतात, त्यातलं पै म्हणजे पिशवीच. त्या दिवशी आम्ही दोघी खूप हसलो, आणि नंतर तिने मला, लग्नाच्या मुलीच्या आईने कुणाला सांगू नये असं काही सांगितलं, संबंधानंतर रक्त जातं म्हणून. शब्द जुळला म्हणून सांगितलं. संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, वास येणारं पांढरं पाणी, यापैकी काही असलं की "अंगावरून जातंय" म्हणून सोडून द्यायचं नाही. अक्काचं नंतर साधं निघालं, औषधावर थांबलं.

तपासणीला बायका घाबरतात म्हणून काय करतात तेही सांगते. पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावतात, म्हणजे चायनीजच्या गाडीवर असतं त्या व्हिनेगरमधलंच. मिनिटभर थांबतात. खराब व्हायला लागलेली जागा असेल तर ती पांढरी दिसते. काही कापत नाहीत, भूल लागत नाही. ही पद्धत मोठ्या प्रमाणावर पारखली गेली ती आपल्याच मुंबईच्या वस्त्यांमध्ये. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून दीड लाख बायकांमध्ये हा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी तपासणी झाली, आणि ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, थोडंफार शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका होत्या. त्या वस्त्यांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. याच अभ्यासात हाताने स्तन तपासल्यामुळे पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यूही जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले. दुसऱ्या निम्म्या वस्त्यांना नुसती माहिती दिली, तपासणी दिली नाही, त्यावरून बराच वाद झाला, आणि त्या वस्त्यांतल्या बायकांचं मला वाईट वाटतं. पण ज्या तपासणीसाठी त्यांची वर्षं गेली, ती आज फुकट मिळत असताना आपण करून घेत नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर टाळायला मुलींसाठी लस आहे, ९ ते १४ या वयात द्यायची. पुण्याच्या सीरमची सर्वावॅक २०२३ पासून निघाली आहे. डॉक्टरांना विचारा.

आता शेजारी. ही वस्ती १९७६ साली जनता कॉलनी उठवून इथे आणून टाकली तेव्हापासूनच मिसळीची आहे. तमिळ, मल्याळी, कन्नड, उत्तरेकडचे, आपण, सगळे एका नळावर. आपल्या माणसांना वाटतं, आपल्या गावचं मंडळ आहे, आपल्या तालुक्याची माणसं आहेत, तेवढं पुरे. पुरत नाही. रात्री दोनला रिक्षा आणून देणारा कोण आहे ते बघा, तो तुमच्या तालुक्याचा नसतो.

माहिती द्यायची तर सभा घेऊ नका आणि पोस्टर चिकटवू नका. "कर्करोग जनजागृती" असा फलक लावला की बायका रस्ता बदलतात. कर्करोग हा शब्दसुद्धा घरात कुणी बोलत नाही, सगळे कॅन्सर म्हणतात, आणि गाठीला गाठच म्हणतात. आपली गाठ, हिंदीची गांठ किंवा गिल्टी, तमिळची कट्टी. एवढे शब्द पाठ करा. बायका जिथे आधीच जमतात तिथे जा. संक्रांत ते रथसप्तमी आपलं हळदीकुंकू असतं, पंचवीस-तीस बायका एका खोलीत येतात, आणि वाण म्हणून आपण प्लास्टिकचे डबे देत बसतो. मी गेली काही वर्षं तिथेच आरसा आणि बॅटरी घेऊन बसते, ज्यांना बघायचं त्या बघतात. आडी महिन्यात तमिळ बायका अम्मनच्या देवळात कूळ, म्हणजे त्यांची आंबील, वाटतात, तिथे अक्का बोलते, मी नुसती शेजारी उभी राहते. मुसलमान बायका कुरआनखानीला जमतात. तिथे मी आधी घरातल्या मोठ्या बाईशी बोलून घेते. डॉक्टर बाईच पाहिजे, असं त्या पहिल्यांदा विचारतात. आपल्याही बायकांना तेच हवं असतं, फक्त आपण विचारत नाही. महापालिकेच्या दवाखान्यात जाण्याआधी बाई डॉक्टर कोणत्या दिवशी असतात हे विचारून ठेवा, एवढ्यावरून निम्म्या बायका यायला तयार होतात.

आणि "तुम्ही तपासून घ्या" असं म्हणू नका, "मला जायचंय, सोबत चला" म्हणा. मुलं कोण सांभाळणार, परत किती वाजता, नवऱ्याचा डबा कोण करणार, हे आधी ठरवा. बाई कॅन्सरला घाबरून थांबते त्यापेक्षा जास्त वेळा पोराला कुठे ठेवू म्हणून थांबते.

भीती मात्र खऱ्या आहेत, त्यांना हसू नका. "सुई मारली की पसरतो, चाकू लागला की भडकतो" हे सगळ्या भाषांमध्ये ऐकलंय. तपासणीसाठी तुकडा काढल्याने कॅन्सर भडकत नाही. उशीर केल्यावर वाढलेला दिसतो आणि आळ सुईवर येतो. दुसरी भीती शेकाची, म्हणजे रेडिएशनची. शेक म्हणा, लाईट म्हणा, हिंदीवाले सिकाई म्हणतात. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे अणुसंशोधन केंद्र, आणि परळचं हॉस्पिटलही १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडेच आहे, त्यामुळे इथे ही भीती जरा जास्तच. मशीनखाली झोपवून बाहेरून शेक देतात, तो घेऊन आलेल्या माणसाच्या अंगात काही उरत नाही. त्याच्या मांडीवर नातवंडं बसू शकतात. त्याचं ताट वेगळं करू नका. जाऊबाईंचं आम्ही चार दिवस केलं होतं.

कागदपत्रांचं दोनदा वाचा. गावाकडे किंवा कुठल्याही छोट्या हॉस्पिटलात तुकडा काढला असेल तर रिपोर्टचा कागद पुरत नाही, काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्यायचा. परळला ते पुन्हा बघतात. आमचे एका हॉस्पिटलात राहिले, ते आणायला दीर एसटीने गेले, त्यात दहा दिवस गेले. तेव्हा प्रत्येक दिवस मोजत होतो.

आणि रेशनकार्ड. नवीन येणारी माणसं ते गावी ठेवून येतात, एकत्र कुटुंबाचं, थोरल्या भावाच्या नावावर, सुनेचं नाव चढवलेलंच नाही. मग महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अर्ज अडकतो. वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार तिच्यात बसतो, पण नाव जुळलं तर. लग्न झाल्या वर्षीच नाव चढवा, आधारवरचं आणि कार्डावरचं स्पेलिंग एक करा. योजनेचा फोन १५५३८८. दुसऱ्या राज्यातल्या शेजाऱ्याला आयुष्मान कार्डाबद्दल विचारा, त्याचा १४५५५. परळला पहिल्या दिवशी केस फाइल काढताना जनरल की प्रायव्हेट विचारतात, तेव्हा घाबरून प्रायव्हेट म्हणू नका, डॉक्टर तेच असतात. काही त्रास नसेल तरी तिथल्या प्रिव्हेंटिव्ह ऑन्कोलॉजी विभागात तपासून मिळतं. गावाहून नातेवाईक उपचाराला येणार असेल आणि तुमच्या खोलीत जागा नसेल, तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आधी विचारून ठेवा. नातेवाइकाला फुटपाथवर झोपायला लावू नका.

या वर्षी दिवाळीनंतर माणकडची एक जोडी आमच्या बाजूच्या खोलीत आली. पोरगी बावीसची, कडेवर सात महिन्यांचं बाळ. तिसऱ्या आठवड्यात मला म्हणाली, मावशी, छातीत गाठ आहे, दुधाची असेल, मेमध्ये गावी गेल्यावर दाखवते. अक्का माझ्याच दारात बसली होती, तिला आता गुडघ्यांमुळे चालवत नाही. मराठी तिला आता सगळं कळतं. तिने हात पुढे केले आणि म्हणाली, बाळ माझ्याकडे दे, उद्या सकाळी सहाला निघा.

सहाला निघालो. सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली, आठ दिवसांनी रिपोर्ट आला, साधी गाठ निघाली. तिच्या नवऱ्याचे दोन खाडे पडले म्हणून तो जरा नाराज होता. रिपोर्ट मी तिला प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवायला लावला, आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायची तारीख तिच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिली. ती तारीख मेमध्ये येते. गावी जायच्या आधी दाखवायचं, असं आमचं ठरलं आहे.